काचेखालचं वर्कशॉप

काम साधं होतं. सकाळी काकांचं मॉडेल गाडीतून प्रदर्शनाच्या हॉलपर्यंत न्यायचं, टेबलावर ठेवायचं, दिवसभर कुणी काचेला बोटं लावली तर हटकायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, मात्र ते असं सांगितलं होतं की जणू घराण्याची अब्रूच पोराच्या मांडीवर ठेवताहेत. रस्ताभर प्रत्येक खड्ड्याला ते मागे वळून बघत होते, पोराकडे नव्हे, मांडीवरच्या काचेकडे.

मॉडेलं बनवणाऱ्यांच्या क्लबातली म्हातारी मंडळी पोराला अर्धवट म्हणत. इंजिनिअरिंग मध्येच सोडलं म्हणून. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागली, आणि वर हसायचीही, म्हणजे रागावायचीसुद्धा सोय नाही. त्यांचा अध्यक्ष सगळी नोकरी बॉयलर तपासण्यात घालवून निवृत्त झालेला. आता समोर येईल त्या माणसालाही तो तसाच तपासायचा, कुठे गळतंय का ते बघत.

हॉलभर टेबलं आणि टेबलांवर बारकी यंत्रं. तळहाताएवढं वाफेचं इंजिन, बुटाच्या खोक्यात मावेल अशी क्रेन, रुळांवरून धावणारी आगगाडी. आणि प्रत्येक यंत्रामागे एकेक गृहस्थ, ज्याच्या घरातला नळ गेलं वर्षभर गळतोय आणि जो इकडे नखाएवढा व्हॉल्व्ह घासण्यात हयात घालवतोय. बघायला येणारी माणसं तर त्याहून थोर. प्रत्येकाचे प्रश्न तेच. चालतं का? किती वर्षं लागली? एका बाईंनी असं दुकानात तयार मिळतं का विचारलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांचा चेहरा बघून अर्धवटला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

हॉलमध्ये विस्तव पेटवायला बंदी होती. त्यामुळे वाफेची म्हणून जेवढी इंजिनं होती ती सगळी हवेवर चालायची. मागच्या खोलीत एक कंप्रेसर धडधडत होता, त्याची नळी टेबलांखालून फिरवली होती, आणि ज्याने त्याने आपापल्या टेबलाची तोटी उघडून हवा घ्यायची. सगळीकडे नुसती फुसफुस. वाफ नाही, धूर नाही, वास नाही. वाफेच्या इंजिनांचं प्रदर्शन आणि वाफ तेवढी नाही, असं अर्धवट म्हणाला तेव्हा अध्यक्षांनी त्याला सुरक्षिततेवर भाषण दिलं.

काकांचं मॉडेल म्हणजे काकांचंच वर्कशॉप. घरामागची ती एक खोली, तशीच्या तशी, काचेच्या पेटीखाली. लोखंड कातायचा लेथ, ड्रिल, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने, तांदळाच्या दाण्याएवढ्या कानशी. छताखाली फिरणारा शाफ्ट आणि त्यावरून लेथवर उतरलेला पट्टा. खिडकीच्या कोपऱ्यातली चीरसुद्धा काकांनी सोडली नव्हती. दार मुद्दाम उघडं ठेवलेलं, लोकांना आत बघता यावं म्हणून. दारामागे खुंटी. लेथसमोर स्टूल, आणि स्टूल रिकामं. मॉडेलमध्ये माणूस ठेवायचा नाही, माणूस ठेवला की यंत्राचं खेळणं होतं, असा काकांचा दंडक होता आणि क्लबाने तो डोक्यावर घेतला होता.

एकच वस्तू राहिली होती. बाकावरचा व्हाइस, काम घट्ट धरून ठेवायचा शिकंजा. त्यासाठी पाडलेली बारीक भोकं तेवढी दिसत होती. ती पाडली आणि काका गेले. काम करता करता गेला, असं मरण यायला भाग्य लागतं, असं क्लबातला जो तो म्हणायचा. दार उघडून आत पहिला गेला होता तो अर्धवट. काका स्टुलावर बसलेले होते, लेथ फिरत होता, पुढ्यातला तुकडा कापून कापून संपला होता आणि हत्यार नुसतं हवेत फिरत होतं. पट्ट्याचा सांधा दर फेऱ्याला कप्पीवर आपटत होता. टक्. टक्. टक्. लहानपणापासून त्या घरात झोप लागायची ती याच आवाजावर. त्या दिवशी बटण बंद करायला त्याचा हात पुढे होईना. भाग्य म्हणे.

तो माणूस आयुष्यभर पुतण्याशी एकच वाक्य धड बोलला होता. पोर कौतुकाने बघायला जवळ जाई, आणि काका मान वर न करता म्हणत, "उजेडातून बाजूला हो."

आता हा वारसा अर्धवटने चालवायचा, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं? अप्पांनी आणि अध्यक्षांनी, चहा पिता पिता. पोराने वर्कशॉपमध्ये बसायचं, व्हाइस पुरा करायचा, हात बसला की डोकंही ठिकाणावर येईल आणि पुन्हा कॉलेजात जाईल. त्याला कुणी विचारलंच नाही. त्याने तरी तोंड कुठे उघडलं? त्याने गुपचूप खऱ्या लेथचा पट्टा सोडवला, गुंडाळला आणि आपल्या कॉटखाली सरकवून दिला. पट्टा नाही तर लेथ नाही. त्याला दुसऱ्या गावी नाटकांच्या दिव्यांचं काम मिळालं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. हे अप्पांना आज, इथे, चार लोकांत सांगायचं, म्हणजे घरात आदळआपट होणार नाही, असा त्याचा बेत होता.

सकाळीच अध्यक्षांनी त्याला झापलं. काचेखाली लेथच्या पायाशी कीस पडला होता, केसाहून बारीक, लोखंडाचा. परीक्षक यायचेत आणि मॉडेल पुसून आणायची अक्कल नाही? अर्धवटने काच उचलून ब्रशने कीस झाडला. थोड्या वेळाने बघतो तो पुन्हा तेवढाच. त्याला वाटलं, शेजारचे आजोबा गंमत करताहेत. तिसऱ्यांदा झाडताना कीस बोटाला चिकटला आणि त्याने हात झटकला. कीस गरम होता. निळसर पडलेला, बारीक वेटोळ्यांचा. लोखंड खरोखर कापलं जातं तेव्हाच तसा निघतो. काचेखालचा तो लेथही हवेवर चालायचा, पण शोभेपुरता. त्याच्याने लोणीही कापलं गेलं नसतं.

त्याने अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, उन्हाने तापला असेल. हॉलच्या त्या कोपऱ्यात ऊन येतच नव्हतं.

दुपारी जेवणासाठी हॉल बंद झाला. लोकांना बाहेर काढलं, कंप्रेसर बंद केला, म्हातारी मंडळी डबे घेऊन मागच्या खोलीत गेली आणि अर्धवटला राखणीला बसवलं. एकेक इंजिन उसासा टाकून थांबलं. क्रेन थांबली. आगगाडी थांबली. सकाळपासून कानात भरलेली फुसफुस अशी एकदम ओसरली की त्याला आपला श्वास ऐकू यायला लागला. चला, जरा शांतता, असं म्हणून त्याने खुर्चीवर पाय लांब केले.

टक्.

त्याने मान वळवली.

टक्... टक्...

काचेखाली शाफ्ट फिरत होता. पट्टा सावकाश सरकत होता आणि त्याचा सांधा कप्पीवर आपटत होता. नळीत उरलेली हवा असेल, तो स्वतःशी म्हणाला, अगदी अप्पांच्या सुरात, आणि त्याबद्दल स्वतःवरच चिडला. त्याने तोटी बंद केली. शाफ्ट फिरतच राहिला. त्याने नळीच उपटून काढली. नळीचं तोंड टेबलावर निपचित पडलं आणि पट्टा आपला सरकतोय, टक्, टक्, जराही घाई नाही.

मग वास आला. तापलेलं पोलाद, जळकं तेल, आणि त्याखाली माणसाचा, दिवसचे दिवस बंद खोलीत बसलेल्या माणसाचा. त्याला तो वास ठाऊक होता. त्या दिवशी काकांच्या लेथचं बटण बंद करताना छातीत भरला होता तो.

तो नीट बघायला काचेवर ओणवा झाला. वरच्या दिव्याचा उजेड अडला, त्याच्या डोक्याची सावली त्या बारक्या खोलीवर पडली, आणि शाफ्ट थांबला.

तो सरळ उभा राहिला. शाफ्ट फिरायला लागला.

पुन्हा वाकला. थांबला.

आत कुणीतरी हातातलं काम थांबवून वाट बघत होतं. वैतागून. मान वर न करता.

म्हातारे ढेकर देत परत आले तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने जे झालं ते सांगितलं. अध्यक्षांनी हवेचा दाब, नळीची लांबी असं काय काय समजावलं. या लोकांजवळ प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं, फक्त विचारलेल्या गोष्टीचं नसतं. अप्पा तेवढे खालच्या आवाजात म्हणाले, "काम करायचं नाही म्हणून काहीही सांगतोस?"

आणि मग परीक्षक आले. अप्पांनी राखाडी स्वेटर खाली ओढून नीट केला. कोपरावर आईने रफू केला होता तोच, राखाडी लोकर संपली म्हणून तपकिरी दोऱ्याने. मोठ्या भावाचं मॉडेल दाखवताना त्यांचा आवाज कापत होता. शेवटी पोराच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले की हा उद्यापासून त्या स्टुलावर बसणार आहे आणि पुढच्या प्रदर्शनाला हे काम पुरं झालेलं असेल. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मी बसणार नाही," अर्धवट म्हणाला.

टाळ्या विरल्या.

"मला नोकरी लागलीये. सोमवारी जातोय. आणि अप्पा, तुम्ही सगळे ज्याला भाग्य म्हणता ना, ते मी बघितलंय. त्या स्टुलावर मी बसणार नाही, तुम्हीही कुणाला बसवू नका. हे मोडून टाका."

इतकं बोलायचं नव्हतं. पण दिवसभराचं साचलेलं एकदम बाहेर पडलं. अप्पांचा हात त्याच्या खांद्यावरून खाली आला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून वर्कशॉपची किल्ली काढली, तिच्याकडे बघितलं.

"मग मी बसतो," ते म्हणाले. "मला त्यातलं काही येत नाही. पण कुणीतरी बसायला हवं."

आणि गेले. ज्या माणसाने जन्मात कानस हातात धरली नाही तो मानी पावलं टाकत हॉलच्या बाहेर गेला. अर्धवटने त्यांना जाऊ दिलं. मनात म्हणाला, बसा जाऊन, पट्टा माझ्या कॉटखाली आहे.

संध्याकाळ झाली. लोक पांगले, कंप्रेसर बंद झाला, इंजिनं कापडात गुंडाळली जाऊ लागली. काचेखालचा शाफ्ट दुपारपासून हललाही नव्हता. अर्धवट काच पुसायला पुढे झाला आणि त्याचा हात मध्येच राहिला.

मॉडेलचं दार बंद होतं.

सकाळपासून ते उघडं होतं. काकांनी ते उघडंच ठेवलेलं होतं. त्याने शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना विचारलं, कुणी काच उचलली होती का. आजोबा म्हणाले, परीक्षक गेल्यावर कुणी फिरकलंसुद्धा नाही, तुझ्या तमाशानंतर कोण येतंय.

त्याने डोकं बाजूला ठेवून, उजेड न अडवता, तिरक्या नजरेने खिडकीतून आत बघितलं. स्टूल लेथच्या आड होतं, दिसत नव्हतं. दारामागची खुंटी दिसत होती. खुंटीवर काहीतरी टांगलेलं होतं. अंगठ्याच्या नखाएवढं, राखाडी, विणलेलं. एका बाहीच्या कोपरावर तपकिरी ठिपका होता.

त्याने फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर अप्पांनी उचलला.

"अप्पा, कुठे आहात?"

"वर्कशॉपमध्ये." आवाज शांत होता. इतका शांत आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. "उकडतंय रे इथे. स्वेटर काढून ठेवला."

"अप्पा... बाहेर या. मी निघतोय, मी बसतो, तुम्ही आधी बाहेर या."

"आता कशाला? तुझी नोकरी आहे ना. तू जा." मग म्हणाले, "सोपं आहे हे. हात आपोआप चालतोय."

आणि त्या आवाजामागे, फोनमध्ये, दर फेऱ्याला एकदा... टक्. टक्. टक्.

"लेथ कसा चालू आहे? अप्पा, पट्टा कुठला...?"

काचेखाली शाफ्ट फिरायला लागला होता. नळी टेबलाखाली लोंबकळत होती. फोनमधला टक् आणि काचेखालचा टक् एकाच क्षणी पडत होते. त्याला भान राहिलं नाही. तो दोन्ही हात टेबलावर टेकून वाकला, खिडकीला डोळा भिडवला, आणि त्याच्या डोक्याची सावली सगळ्या वर्कशॉपवर पसरली.

दोन्हीकडचा आवाज थांबला.

फोनमध्ये कुणीतरी वैतागून श्वास सोडला.

"उजेडातून बाजूला हो," अप्पा म्हणाले.

तो मागे सरकला. का सरकला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाय आपोआप मागे गेले, लहानपणी जायचे तसे.

"हां," फोनमधून आवाज आला. "आता दिसतंय."

टक्.