हातजाळीतून घरी आलेली

हे मी कुणाकडून ऐकलेले नाही. माझ्या घरी, माझ्या डोळ्यांदेखत घडले आहे. आपण विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. मात्र यातला एकही शब्द पदरचा नाही.

लाओसमध्ये, सावन्नाखेतच्या बाहेर, खांबांवर उभे असलेले आमचे लाकडी घर. विहाराच्या पाठशाळेत संस्कृत शिकवण्यात माझे आयुष्य गेले. पत्नी बुआकेओ इथलीच.

त्या वर्षी भातकापणी आटोपली आणि ओढ्यावरच्या पुलावर एका मालमोटारीने तिच्या दुचाकीला उडवले. डोक्याला भयंकर मार लागला. रुग्णालयात ती दीर्घकाळ निश्चेष्ट पडून होती. अखेर डॉक्टर म्हणाले, "घरी न्या. जखम भरली आहे."

जखम भरली होती...

पण बुआकेओ घरात नव्हती.

भरवले तर जेवायची. हात धरला तर चालायची. बोलायची मात्र नाही. दिवसभर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून रस्त्याकडे पाहत राही.

तिची धाकटी बहीण सेंगदाओ तिखट जिभेची. ती म्हणाली, "भावोजी, गोळ्या पुरे झाल्या. ताईचा ख्वान पुलावरच राहिलाय. प्राण गेला तर माणूस मरतं. ख्वान हरवला तर असं बघत बसतं. तुमच्या पोथ्यांत नसेल हे, पण इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!"

"अगं, मी कुठे नाही म्हणतोय? आण तिला."

दिवस कलताना ती निघाली. हाती मासे धरायची हातजाळी, टोपलीत बहिणीचे रोजचे वस्त्र, चिकट भात आणि उकडलेले अंडे. पुलावर नाव घेऊन हाक मारायची, जाळीने वारा उपसायचा, आणि घर येईपर्यंत मागे वळून पाहायचे नाही. जिन्याशी घरच्याने विचारायचे, आणणाऱ्याने उत्तर द्यायचे. एवढाच विधी.

मी बुआकेओच्या शेजारी उभा राहिलो.

सेंगदाओ आली. जाळी तिने दोन्ही हातांनी पेलली होती... आत वजन असावे तशी.

घराखाली कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. तो एकाएकी थांबला.

मी विचारले, "आली का बुआकेओ?"

"आली," सेंगदाओ म्हणाली.

आणि माझ्या शेजारून, इतक्या महिन्यांनी, माझ्या पत्नीचा स्वर आला...

"मी तर केव्हाची आलेय. ही कोण?"

सेंगदाओचा चेहरा पांढराफटक पडला. "भावोजी... मी हाक मारली ना, तेव्हा दोनदा ओ आली. मला वाटलं, पुलाखाली आवाज घुमतोय."

त्या संध्याकाळपासून बुआकेओ सुधारली. दुसऱ्याच सकाळी तिने माझी खरडपट्टी काढली. "अहो पंडित, माझ्या माघारी घराचा उकिरडा केलात! लसूण संपला, तेवढंही कळलं नाही?"

मला रडू कोसळले. याहून मधुर वचन मी ऐकले नव्हते.

परंतु...

ती अंगणात कपडे वाळत घालत असे, आणि स्वयंपाकघरात उखळ वाजे.

तोच ठेका. तिचाच.

ती एकटीच जिना चढे... पावले दोघींची वाजत.

अखेर थित चान यांना बोलावले. पूर्वाश्रमीचे भिक्षू, आता गावाचे मंत्रज्ञ. परतलेला ख्वान पुन्हा जाऊ नये म्हणून त्यांनी बुआकेओच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि बराच वेळ ते डोळे मिटून बसले.

"एकीला परत पाठवता येईल," ते म्हणाले. "जाळी घेऊन जायचं, पुलावर रिकामी करायची."

"मग आजच चला!" सेंगदाओ उठलीच.

"चल की. पण गुरुजी, तुम्ही तिचे यजमान. तुम्ही सांगा, यातली पाठवायची कुठली?"

बुआकेओ हसली. "आजोबा, भलतंच काय विचारता? मी इथं तुमच्यासमोर बसलेय."

स्वयंपाकघरातूनही कोणी तरी हसले...

तेच हसू. लग्नाच्या मांडवात ऐकलेले.

सारे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. चूक झाली असती, तर मी माझ्याच हाताने तिला त्या पुलावर सोडून आलो असतो.

"आणखी एक दोरा आहे का?" मी विचारले.

थित चान स्वयंपाकघरात गेले. दारातून मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. त्यांनी रिकाम्या जागेत दोरा गुंडाळला, गाठ मारली, हात बाजूला घेतले.

दोरा खाली पडला नाही.

भेटेल तो विचारतो, "बुआकेओ बरी झाली ना?" मी हो म्हणतो.

आतून जेवायची हाक येते. मी जातो. कुणी मारली, ते विचारत नाही...