दादाभाऊंच्या हातातली घुरघुर

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एक शब्दही मी वाढवलेला नाही. ती घुरघुर मी स्वतः बोटांनी अनुभवलीय.

मी कपिल. आंबेगाव तालुक्यातलं शिनोली माझं गाव. गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली.

आणि भरदुपारची.

माझे चुलते भागुजी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. किडन्या गेल्या. डायलिसिसला दर खेपेला पुण्याला जावं लागायचं. जीप मीच चालवायचो. काकांच्या डाव्या हातात फिस्टुला होता, म्हणजे मशीनच्या सुयांसाठी जोडून घेतलेली शीर. वर बोटं ठेवली की आत घुरघुर लागायची.

त्या खेपांनी काका खंगले, पण गप्प बसले नाहीत. लोणी, आणे अशा गावागावांतून माजी सैनिक गोळा केले. तहसील कचेरीसमोर धरणं धरून बसले.

"आमी सीमेवर उभं ऱ्हायलो. आता मशीन तरी जवळ द्या," एवढंच मागणं.

सरकारी मशिनी आल्या. पण बसल्या तालुक्याचे पुढारी दादाभाऊ यांच्या खासगी दवाखान्यात. उद्घाटनाला दादाभाऊंनी काकांच्या गळ्यात हार घालून फोटो काढला.

आणि नंतर काकांनी माजी सैनिकांचं मोफत उपचाराचं कार्ड दाखवलं तेव्हा म्हणाले, "फौजी कार्डावर आमी करत नाय."

एका सोमवारी, डायलिसिसच्या दिवशीच, रस्त्यावर पाणी होतं. काकांना धाप लागलेली. मी जीप दादाभाऊंच्या दारात लावली. आतला एक बेड रिकामा होता... मला दिसत होता.

"पुण्याला न्या," दादाभाऊ म्हणाले.

चाकणच्या कोंडीत काका गेले. जाण्याआधी एवढंच बोलले, "त्याला सांग... मी येतो."

मी कुणालाच सांगितलं नाही.

काकांच्या जलदानविधीच्या दिवशी दुपारी दादाभाऊंचा फोन आला.

"कपिल, एकटा ये."

केबिनचं दार लावलेलं. पंखासुद्धा बंद. त्यांनी बाही वर सारून डावा हात टेबलावर ठेवला. कातडीवर साधा ओरखडा नाही.

"हात लाव."

लावला...

घुर्र... घुर्र...

मी हात मागे घेतला. ही लय मला पाठ होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. शिरा ठीक, किडन्या ठीक. एका डॉक्टरने मनगट धरलं, आणि तडक हात धुवायला निघून गेला.

दादाभाऊंनी माजी सैनिकांना बेड खुले केले. आण्याचे सावळेराम फौजी पहिले. आता कुणाला पुणं गाठावं लागत नाही.

पण घुरघुर थांबली नाही.

खांद्यापर्यंत चढली.

शेवटी दादाभाऊ शिनोलीला आले. द्रौपदाकाकीसमोर ओट्यावर बसले.

"वहिनी, माझं चुकलं. त्यांना सांगा, आता सोडा."

काकीने त्यांच्या हातावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"व्हय. हेच हायेत."

"मग सांगा ना त्यांना."

"ते तुमच्या दारात आलं व्हतं, तवा तुमी ऐकलं?"

तेव्हापासून दर सोमवारी काकी त्यांच्याकडे जाते. समोर बसते, हात ठेवते. नको म्हणायची दादाभाऊंची हिंमत नाही. माणूस निम्मा झालाय.

गेल्या सोमवारी परत येताना मी जीपमध्ये विचारलं, "काकी, आता बास न्हाई का?"

ती बाहेर बघत होती.

"काळजाजवळ आलंय," ती म्हणाली.

आणि हसली.

उद्या सोमवार आहे. काकीने मला लवकर जीप काढायला सांगितलंय...