खडपेचा वास

मंत्री बळवंत खडपेला वास लावायचा होता, त्या दिवशी सुभद्रा वासावे ठेवणीतली साडी नेसून प्रयोगशाळेत हजर झाली. नवऱ्याच्या तेराव्यानंतर ती साडी तिनं पहिल्यांदाच बाहेर काढली होती.

पुढाऱ्यांना तुरुंगात घालून उपयोग होत नाही, सुटताना हार घालून मिरवणूक निघते, हे सरकारच्या उशिरा का होईना ध्यानात आलं आणि गंधदंडाचा कायदा झाला. ज्या पुढाऱ्याच्या जाहीर शब्दापायी माणसं मेली, त्याच्या अंगाला त्याच्या करणीचा वास जन्मभरासाठी द्यायचा. द्यायचा की नाही, ते बाधित गावानं मतदानानं ठरवायचं. शिरगणच्या खाडीकाठी खडपेच्या बाजूनं एकही मत पडलं नव्हतं.

वास अर्थातच कच्च्या तेलाचा.

खाडीच्या तळातून जाणारी तेलवाहिनी बंद करा म्हणून गावानं जाहीर सभेत मागणी केली, तेव्हा सुभद्रा माइकसमोर उभी राहिली होती. खाडीकाठची रीत अशी, की होडी रात्रभर धक्क्याला बांधलेली असते, दोराचं टोक पाण्यात असतं. पहाटे होडी सोडण्याआधी घरातली बाई ते ओलं टोक हुंगते. तेलाचा वास आला तर होडी सुटत नाही आणि पाण्यावर कुणी काडी ओढत नाही, कारण तेलातला हलका भाग वाफ होऊन पाण्यालगत साचतो आणि एका ठिणगीनं पेटतो. "साहेब, हल्ली दोराला वास यायला लागलाय," एवढंच ती म्हणाली.

खडपेनं खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. "अहो बाई, तुमच्या अंगालाच एवढा वास, त्यात तेलाचा वेगळा कसा कळतो हो तुम्हांला?" व्यासपीठावरचे सगळे खो खो हसले. हसू ओसरल्यावर त्यानं वाहिनी चालूच राहील असं जाहीर करून टाकलं.

पुढच्याच महिन्यात वाहिनीचा सांधा फुटला. सुभद्राचा नवरा रघुवीर रात्रभर बाहेर समुद्रात होता, त्याला कोण सांगणार? पहाटे खाडीत शिरल्यावर त्यानं चहासाठी स्टोव्ह पेटवला. घरी आणण्यासारखं काही उरलं नाही.

आता तोच खडपे उघड्या अंगानं स्टुलावर बसला होता आणि डॉ. निलोफर काझी त्याच्या काखेत, छातीवर, मानेवर पांढरी मलई चोळत होत्या.

"हे जाणार नाही ना धुऊन?" सुभद्रानं विचारलं.

"नाही. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, सुभद्राताई. आपल्या कातडीवर जंतू राहतात, ते घाम खातात आणि वास सोडतात. आम्ही त्या जंतूंची घडण बदललीय. घाम खाऊन आता ते तेलाचा वास सोडतील. गंधाणू म्हणतो आम्ही त्यांना. साबणानं वरचे जातात, खालचे पुन्हा वाढतात."

"म्हणजे मरेपर्यंत हुंगत बसेल मेला!"

डॉक्टरांनी मलईच्या डबीला झाकण लावलं. "त्याला स्वतःला थोड्या दिवसांत वास येईनासा होईल. एकच वास सतत आला की मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. नाक मरतं म्हणा ना."

"अहो मग शिक्षा कसली ही?" सुभद्रा उसळलीच. "माझा माणूस जळाला, आणि ह्याला वाससुद्धा यायचा नाही?"

"त्याला नाही, लोकांना येईल. लोक दूर पळतील, तीच शिक्षा. फक्त गंधाणू घट्ट स्पर्शानं दुसऱ्याच्या अंगावर जाऊ शकतात, तेवढं एक आहे."

"ह्याला मिठी मारायला कोण मरतंय?" सुभद्रा म्हणाली, आणि दोघी हसल्या. रघुवीर गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली असेल.

पुढचे काही महिने तिनं मनसोक्त उपभोगले. खडपे लग्नाला गेला की पंगत उठायची. त्याच्या सभेला पुढच्या रांगेत ती एकटी बसायची, आणि तो बोलायला उभा राहिला की सावकाश, सगळ्यांना दिसेल असा पदर नाकाला लावायची. "आई, आता पुरे," तिचा मुलगा मकरंद म्हणायचा. रघुवीरच्या जागी आता तोच होडी नेत होता. "पुरे कसं?" ती म्हणायची. "माझं काळीज अजून थंड झालं नाही."

मग एका सभेत खडपेचा एक जुना कार्यकर्ता ढसाढसा रडत व्यासपीठावर चढला. "साहेबांच्या अंगाचा वास तो माझ्या अंगाचा!" असं ओरडून त्यानं खडपेला कडकडून मिठी मारली. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी खडपेच्या दारात मिठी मारायला रांग लागली. वास अंगावर घेतलेले लोक बाजारात छाती पुढे काढून फिरू लागले. नाक मुरडणारा तो विरोधक, असा हिशेब झाला. खडपे पूर्वीपेक्षा जास्त मतांनी निवडून आला आणि सुभद्राच्या नाकावर टिच्चून त्यानं त्याच खाडीतून दुसरी तेलवाहिनी मंजूर केली.

सुभद्राचा नुसता जळफळाट झाला. त्यात भर म्हणून पावसाळ्यानंतर खडपेचा वास कमी व्हायला लागला. बाजारात, एसटीत, मासळीच्या लिलावात त्याची माणसं खांद्याला खांदा घासून जायची, तरी पूर्वीसारखा भपका येत नव्हता. शेवटी तर सभेत पहिल्या रांगेत बसूनही तिला काहीच आलं नाही. तिनं रागानं डॉक्टरांना फोन लावला. "तुमचे जंतू मेले! त्याला पुन्हा लावा. दुप्पट लावा!"

डॉ. काझी पहाटेच्या गाडीनं शहरातून आल्या. सुभद्रा धक्क्यावरच होती. नुकताच दोर हुंगून तिनं मकरंदची होडी सोडली होती. दोर कसा स्वच्छ होता. डॉक्टर गाडीतून उतरल्या आणि त्यांनी पटकन नाकाला रुमाल लावला.

सुभद्राला ती सभा आठवली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हीसुद्धा, डॉक्टरीणबाई? मासळीवाल्या बाईचा वास येतोय?"

"मासळीचा नाही." डॉक्टर म्हणाल्या. "तेलाचा. तुमच्या अंगाला येतोय, सुभद्राताई. ड्रायव्हरच्या अंगाला येत होता, वाटेतल्या चहावाल्याच्या अंगाला येत होता. गंधाणू मेलेले नाहीत. ते गावभर झालेत."

"काहीतरीच! मग मला कसा येत नाही?"

नाक मरतं, असं डॉक्टरांनी प्रयोगशाळेत सांगितलं होतं, ते सुभद्राला आपणहून आठवलं. तिनं स्वतःची मनगटं हुंगली, पदर हुंगला. काहीच नाही. मग खाली वाकून तिनं दुसऱ्या होडीच्या दोराचं ओलं टोक उचललं आणि डॉक्टरांच्या नाकाशी धरलं.

"ह्याला येतोय का? सांगा ना, ह्याला येतोय?"

डॉक्टरांनी एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. "मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातालाच एवढा वास आहे, त्यात दोराचा वेगळा कसा कळणार?"

सुभद्रानं त्यांच्या हातातला पांढरा रुमाल हिसकावून घेतला आणि दोर त्यात पिळला. रुमालावर तपकिरी, तेलकट डाग उठला आणि पसरत गेला.

तिनं वर पाहिलं. होडी खाडीच्या तोंडाशी पोहोचली होती. तिथे पोहोचलं की मकरंद बापासारखाच आधी चहा घ्यायचा.

"मकरंद! काडी ओढू नकोस! मकरंद!" ती रुमाल हलवत धक्क्याच्या टोकापर्यंत धावली. वारा समोरून येत होता.

मकरंदला रुमाल दिसला. त्यानं हसून हात हलवला आणि तो स्टोव्ह पेटवायला खाली वाकला.