हसखोर

मंदार माझ्यासमोर येऊन बसला, तो त्याच्या आईचा चष्मा घरी राहिला म्हणून. प्रेमकथेची ही काही फार देखणी सुरुवात नाही. पण मी संशोधक आहे, घडलं तेच सांगणार.

लांबलचक शब्द मनात कसे साठवलेले असतात, हा माझा पीएचडीचा विषय. ‘बेजबाबदारपणा’ हा शब्द आपण अख्खा ओळखतो, की तुकडे जोडून? हिंदीच्या शेजारात वाढलेली मराठी माणसं हवी होती, म्हणून मी पुण्याहून भोपाळला आले होते. नेहरू नगरातल्या मराठी मंडळाने एक खोली दिली. पडद्यावर शब्द चमकायचा. खरा असेल तर उजवं बटण दाबायचं, मी रचलेला खोटा असेल तर डावं. किती वेळ लागला ते संगणक मोजायचा.

शशिकलाकाकूंना चष्म्याशिवाय दिसेना. “याला बसव गं,” असं म्हणत त्यांनी मुलाला पुढे ढकललं. तोच त्यांना पिपलानीहून स्कूटरवर घेऊन आला होता.

मंदारचं सगळं ठीक चाललं होतं. मग ‘हसखोर’ हा माझा खोटा शब्द आला आणि त्याने झटकन उजवं बटण दाबलं.

“असा शब्द नाहीये,” चाचणी संपल्यावर मी म्हणाले.

“अरे, कसा नाही? भांडखोर चालतो, मग हसखोर का नाही? मी स्वतः आहे की!” आणि तो हसला... पुराव्यादाखल.

मी मान खाली घालून वायर गुंडाळू लागले.

“जुईजी, चहा? जुन्या शहरात सुलेमानी एकदम मस्त मिळतो.”

“नाही. तुमची दुसरी फेरी व्हायचीय. तोवर ओळख वाढवायची नाही, नियम आहे.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर मी पुण्याला जाणार.”

“ओह...”

त्या ‘ओह’चं मला वाईट वाटलं. दमणूक असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या फेरीत सगळ्यात शेवटी तोच उरला होता. शब्द उमटायच्या आत त्याचं बोट बटणावर पडत होतं. इतकं भराभर कुणी ओळखत नाही.

“मंदार, तुम्ही सराव केलात?”

त्याचे कान लाल झाले. “मंडळाच्या लायब्ररीतून पुस्तकं नेली. लांब लांब शब्द शोधून पाठ केले. तुमच्यासमोर बुद्धू दिसायचं नव्हतं, बस.”

माझी पंचाईत झाली. मला न घोटलेलं मन हवं होतं, आणि याने तर परीक्षेसारखी घोकंपट्टी केली होती. गप्प बसले असते तर काम पुरं झालं असतं. पुण्याचं तिकीट पर्समध्येच होतं, आणि कुणी विचारणारही नव्हतं. पण खोट्या आकड्यांवर मला प्रबंध उभा करायचा नव्हता. मी त्याची माहिती पुसून टाकली.

“तुम्ही बाद.”

“सॉरी. तुमचं काम अडलं ना माझ्यामुळे?”

“अडलं. आता तिकीट रद्द करायचं आणि दुसरं माणूस शोधायचं.”

“म्हणजे... तुम्ही इथेच राहणार?” चेहरा गंभीर ठेवण्याचा त्याने मनापासून प्रयत्न केला. जमला नाही. “आणि मी बाद, म्हणजे तो नियम...”

“तुम्हाला लागू नाही.”

तो उठला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. “मग बसा. आता तुमची बारी.”

एका बोटाने अक्षरं शोधत त्याने काहीतरी टाइप केलं. पडद्यावर आलं: हसखोर.

उत्तर मला पाठ होतं. शब्द मीच रचलेला, कोशात कुठेही नसलेला, म्हणजे डावं बटण. पण आता मला त्यात ‘हस’ वेगळं दिसेना, ‘खोर’ वेगळं दिसेना. दिसला तो खुर्चीमागे श्वास रोखून उभा असलेला माणूस, अख्खा.

मी उजवं बटण दाबलं.

“आहे हा शब्द?” त्याने हळूच विचारलं.

“आहे,” मी म्हणाले, “आणि मला फार आवडतो.”