रोज भरणारा हौद

"माझ्या परसातला हौद कोणीतरी रोज भरतंय," रामहरी काटे म्हणाले.

बुद्धघोष सरवद्यांनी चहाचा कप खाली ठेवला. इंदापूरच्या एस. टी. स्टँडसमोर त्यांची एका खोलीची कचेरी होती. हायवेवरच्या अपघातांतलं खरं-खोटं ते विमा कंपन्यांना शोधून देत. चोरीच्या तक्रारी पुष्कळ येत. कोणी काही भरून जातं, अशी तक्रार पहिलीच.

"भरतंय तर बरंच की," अप्पा म्हणाले. अप्पा रिटायर्ड कंडक्टर, सरवद्यांचे मित्र.

काटे हसले नाहीत. बारामतीत कालव्याच्या कडेला त्यांचं घर होतं. दिवाळीत, म्हणजे पंच्याण्णव साली, पत्नी शकुबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय गेला. डॉक्टर म्हणाले, छातीभर पाण्यात रोज चालवा, पाय फिरेल. पण सहा महिन्यांच्या आत. आता मार्च निम्मा सरला होता.

परस जेमतेम बावीस फूट बाय चौदा. पुतण्या दीपक लोणी देवकरला कारखान्यात इंजिनिअर होता, त्यानं नकाशा काढला. बारा फूट लांब, सात रुंद, चार खोल, सगळा जमिनीत. तीन रुंद पायऱ्या. कठडा डावीकडे, कारण शकुबाईंचा डावाच हात धड होता. काँक्रीट झालं, गिलावा झाला. फक्त फरश्या राहिल्या.

"सकाळी मी मोटर लावून उपसतो. दुपारी हिला व्यायामाला दवाखान्यात नेतो. परत येतो तर हौद भरलेला. चार दिवस हेच चाललंय. फरशीवाला तीनदा परत गेला. फेब्रुवारीतही आठवडाभर असंच झालं, मग आपोआप थांबलं. सोनबा गवंड्याला मी कामावरून काढलं, त्याचंच हे काम. परवा पोलिसात नाव देणार. त्याआधी तुम्ही एकदा बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे बारामतीला गेले. पुलावरून अप्पांनी कालवा पाहिला. तुडुंब वाहत होता. सरवदे तिथेच उतरले, कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी दोन शब्द बोलले आणि मग घरी आले.

काट्यांनी हौद उपसला होता. तळाला शेवटचं थोडं पाणी शेजारच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात साचलं होतं.

"उतार मुद्दाम तिकडे दिलाय," दीपक नकाशा उघडून म्हणाला. "कुठेही गळती नाही. उतार मी स्वतः लेव्हल लावून तपासलाय." त्याला आपल्या कामाचा अभिमान होता आणि काम चांगलं होतं.

डाळजचा सोनबा एमआयडीसीत एका बांधकामावर सापडला. पोलिसाचं नाव ऐकून त्याचा चेहरा उतरला. "मी म्हणलं व्हतं, हौद निम्मा वर घ्या. कालव्याकडंची जिमीन, वल लय हाय. दीपकसायेब म्हणलं, तू थापी धर. मालकास्नी सांगितलं तर मलाच काढलं. आन साहेब, पानी मी कुठनं आणू? त्या आळीत नळाला पानी येतं सकाळी, त्येबी दिसाआड."

शेजारच्या मुक्ताबाईंचं काट्यांशी दोन वर्षं बोलणं नव्हतं. मधली भिंत सहा इंच कोणाच्या हद्दीत, यावरून ते बंद झालं होतं. मुक्ताबाई विधवा, एकट्या राहत. सरवद्यांना त्यांनी बसा म्हटलं, पण उत्तरं मोजकीच दिली. त्यांच्या विहिरीचं पाणी इतकं वर होतं की वाकून बादली बुडवता येईल. परसात गोबरगॅसची जुनी टाकी होती, एका बाजूनं जमिनीच्या हातभर वर आलेली, तिरकी, तडकलेली. आत कर्दळ लावली होती.

"धन्यानं बांधलेली," त्या म्हणाल्या. "एकदा धुवायला रिकामी केली, तवापासनं अशीच हाय."

त्यांनी ती मोडली नव्हती. माणूस गेल्यावर त्यानं बांधलेलं मोडवत नाही.

भिंतीच्या माथ्यावर विटांची धूळ होती. एकाच ठिकाणी वीतभर जागा धुतल्यासारखी स्वच्छ होती.

त्या दुपारी काटे दवाखान्यात गेले नाहीत. अप्पा अंधार पडेपर्यंत हौदाच्या काठावर खुर्ची टाकून बसले. कोणी आलं नाही. हौद भरला नाही, तळातलं थोडं पाणी तेवढं कोपऱ्यात राहिलं.

"बसलो ना राखणीला, आता कोण येतंय?" अप्पा जेवताना म्हणाले. रात्री दोघे काट्यांकडेच राहिले.

सकाळी अप्पा आधी परसात गेले आणि परत आले. "चोर हुशार आहे. तळातलं पाणी भिंतीच्या कोपऱ्यातून उचललं आणि इकडे पायऱ्यांपाशी टाकलं. उगाच चिडवायला."

सरवदे घाईनं बाहेर आले. हौदात पाहिलं आणि सगळ्यांना बोलावलं. शकुबाईंना खुर्चीसकट आणलं. भिंतीपलीकडे मुक्ताबाई धुणं वाळत घालत होत्या, त्यांनाही थांबायला सांगितलं.

"पाणी कोणी हलवलं नाही," ते म्हणाले. "तळ हललाय. काल उतार भिंतीकडे होता, आज पायऱ्यांकडे आहे. भिंतीकडची बाजू वर उचलली गेली."

"काँक्रीट कसं उचलेल?" दीपक म्हणाला.

सरवद्यांनी स्टीलचा रिकामा पेला पाण्याच्या बादलीत दाबला आणि सोडला. पेला उसळून वर आला. मग तो भरून सोडला. तळाला बसला.

"कालव्याला पाणी सुटलं की या आळीत जमिनीखालचं पाणी चढतं. मुक्ताबाईंची विहीर बघा. रिकामा हौद म्हणजे हा पेला. मी पाटकऱ्याला विचारलं. फेब्रुवारीत कालवा ज्या आठवड्यात चालला, त्याच आठवड्यात हौद भरत होता. मधे कालवा कोरडा, तेव्हा गिलावा निर्विघ्न झाला. सहा दिवसांपूर्वी पाणी सुटलं आणि हौद पुन्हा भरू लागला. भरणाऱ्याला तुमचं काम अडवायचं असतं तर मधले दिवस कशाला सोडले असते?"

"म्हणजे हौद वाचवायला?" अप्पांनी विचारलं.

"हो. दुपारी नळाला पाणी नसतं, म्हणजे भरणाऱ्याची स्वतःची विहीर हवी. पाइप भिंतीवरून आला, तिथली धूळ धुतली गेली. आणि रिकामी टाकी अशी वर येते, हे ज्यानं एकदा डोळ्यांनी पाहिलंय, त्यालाच हे सुचेल. काल अप्पांनी राखण केली म्हणून भरणाऱ्याला भरता आलं नाही. एका रात्रीत हे झालं."

सगळे भिंतीकडे पाहू लागले. मुक्ताबाईंनी हातातला पिळा बादलीत ठेवला.

"सांगायचं तरी," काटे कसेबसे म्हणाले.

"तुमच्याशी बोलायचं न्हाय, असं ठरलं व्हतं. शकुताईचा पाय बरा व्हऊ द्यायचा न्हाय, असं न्हवतं ठरलं."

काटे उभे राहिले. दोन वर्षांत प्रथमच भिंतीपाशी गेले. दोन्ही हात जोडले.

"मुक्ताबाई, मोटर चालू करा."

पाइप भिंतीवरून आला. हौद भरत गेला. उचललेली बाजू पुष्कळशी खाली बसली, बोटभर तिरकी राहिली ती राहिलीच.

काटे पोलिसांकडे गेले नाहीत. सोनबाकडे गेले आणि त्याला हाताला धरून परत आणलं. कालवा बंद झाल्यावर हौद उपसून फरश्या बसवल्या. दीपकनं नकाशाच्या कोपऱ्यात पेननं लिहिलं: कालवा वाहत असताना हौद रिकामा करू नये. खाली सोनबाचं नाव घातलं.

एप्रिलच्या दहा तारखेला शकुबाई डाव्या हातानं कठडा धरून पाण्यात उतरल्या. सरवदे आणि अप्पा मुद्दाम इंदापूरहून आले होते. तिसऱ्या फेरीला उजवं पाऊल तळाला टेकलं आणि पुढे सरकलं.

मुक्ताबाई काठावर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. भिंतीत आता एक दार होतं. त्या सहा इंचांतलं ते कोणाच्या हद्दीत येतं, हे कोणी मोजलं नव्हतं.

"अजून एक फेरी, शकुताई," त्या म्हणाल्या. "पानी माझं हाय, फुकट घालवू नगा."