निळ्या दोऱ्याची जुडी

ज्या वर्षी थोरल्या भावाला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी मी शहरातल्या जुन्या कबरस्तानाच्या फाटकाशी निळ्या दोऱ्याने बांधलेल्या फुलांच्या जुड्या विकायला बसले. आत एका नामांकित नटीची कबर होती. तिच्यामागे कोणी उरलं नव्हतं, तरी मी बसू लागल्यावर काही महिन्यांतच तिथे रोज ताजी फुलं दिसू लागली, असं लोक सांगत. भूतच ठेवतं म्हणे! भीतीपोटी मी आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

झिजलेली अक्षरं पुन्हा कोरायला एक पाथरवट यायचा. पापण्यांवर कायम दगडाची पांढरी धूळ.

“एक जुडी द्या. ताजी असेल तर.”

“शिळी द्यायला तुम्ही काय माझे वैरी लागता?”

तो हसला... आणि मग रोजच येऊ लागला.

“कोणासाठी हो?” एकदा मी विचारलंच.

“आहे एक. फार गोड — पण बघतच नाही माझ्याकडे.”

म्हणजे बायकोच असणार, आत पुरलेली. एवढ्या तरुणपणी बायको गेली! मेलेलीवर इतका जीव, मग जितीला जागा कुठली?

तेवढ्यात मावशीने शिंप्याचं स्थळ आणलं. “रविवारी हो की नाही ते सांग.”

शनिवारी मी जीव मुठीत धरून आत गेले. त्याच्या बायकोची कबर एकदा बघावी आणि गप शिंप्याला हो म्हणावं, असं ठरवून.

आतल्या रखवालदारकाकांना त्याच्या बायकोची कबर विचारली, तर त्यांनी कपाळाला हात लावला. “बायको? अगं, त्याचं लग्न कुठे झालंय!”

मग फुलं कोणाला? मी तशीच पुढे धावले. नटीच्या कबरीवर जुड्यांची रास होती. ताज्या, सुकलेल्या... आणि प्रत्येकीला निळा दोरा. माझाच दोरा! अंगावर सर्रकन काटा आला.

मागे छिन्नीचा आवाज थांबला.

“म्हणजे... भूत तुम्ही?”

“फुलं घेतल्याशिवाय तुमच्यापाशी थांबणार कसा? आणि घेतलेली टाकवेनात. हिला तरी कोण होतं?”

“आणि ती गोड बाई?”

“आत्ता बघतेय माझ्याकडे — पहिल्यांदाच.”

मी एक सुटलेली जुडी उचलली. ती पुन्हा बांधता बांधता म्हणाले, “उद्या रविवार. मावशीला काय सांगू?”

“सांगा, भुताने झपाटलंय.”

अजून मी दोन जुड्या बांधते. एक त्या नटीला, दुसरी ह्यांना. ह्यांच्या दगडावरचं नाव मला वाचता येतं; अक्षरं ह्यांनीच शिकवली, खडूने, कबरस्तानाच्याच पायऱ्यांवर. हे गेले आमच्या धाकट्या लेकीच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, चौदा नोव्हेंबरला, सकाळी सहा वाजता.