रिकामं फडकं

ही गोष्ट बनवलेली नाही. माझ्या मावसभावाची, गजेंद्रची आहे, आणि गजेंद्रला गोष्ट बनवता येत नाही. त्यासाठी काहीतरी पदरचं घालावं लागतं, आणि पदरचं घालणं त्याच्या रक्तात नाही. त्याच्या घरी गेलेला डबा आजवर रिकामाच परत आला.

तोही न घासता.

मागच्या चैत्रातली गोष्ट. रात्र नव्हती. अकोटच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला, भर दुपार होती.

गजेंद्र तिथे एका कंपनीचे ड्रोन उडवायचा. यंत्रांचे सुटे भाग, औषधं, जे तातडीचं असेल ते पायथ्याच्या गावांना पोचवायचं. ड्रोन वरून दोरीने डबा सोडणार, गिऱ्हाईक माल काढून डबा परत आकड्याला अडकवणार, की ड्रोन माघारी.

त्या दुपारी नत्थुजींच्या पंपाचं नवं बेअरिंग घेऊन ड्रोन निघाला. पाण्यावाचून त्यांची केळी माना टाकत होती.

ड्रोन अर्ध्या वाटेत थांबला.

खाली जुनं गावठाण. गाव उठवून दुसरीकडे वसवलं, त्याला कैक वर्षं झाली. नुसत्या भिंती उरल्यात. तिथे ड्रोनने आपणहून दोरी सोडली.

सोबतची पौर्णिमा स्क्रीनकडे बघत होती. "भाऊ, खाली मानूस तर कोनी दिसत नाही..."

दोरीला हिसका बसला. ड्रोन माघारी फिरला.

डबा जड होता.

आत फडक्यात बांधलेली चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी...

गरम.

"नत्थुजीनं धाडली असन," म्हणत गजेंद्र खायला बसला.

"अन् तुमी खाता? कोनाची हाय, काय हाय, इचारत नाही?"

"फुकटच्या भाकरीचं गोत्र इचारू नये, पौर्णिमा."

भाकर संपली. फडकं चांगलं होतं, गाडी पुसायला होईल. ते त्याने खिशात घातलं.

तेवढ्यात नत्थुजींचा फोन. "काहून रे बाप्पा, कुठंसा हाय तुहा ड्रोन? कवाचा वर पाहून राहिलो मी."

 बेअरिंग गावठाणातच उतरलं होतं, आणि गजेंद्रच्या हातून गेलेलं, त्यालाच आणणं भाग होतं. त्याने मोटरसायकल काढली.

गाडी रस्त्यावर लावून तो गावठाणात शिरला. घरांना छप्पर नाही, दारांना कवाड नाही. एकच उंबरा ताजा सारवलेला.

ओला.

आत कोनाड्यात बेअरिंग. ते उचलून तो आला त्याच बोळाने परत निघाला.

बोळ संपला. समोर... तोच उंबरा.

दुसरा बोळ धरला. तोच उंबरा.

एकही पाखरू ओरडत नव्हतं. स्वतःच्या चपलांचा आवाजही येईना.

त्याने फोन लावला. "पौर्णिमा, मले बाहेर नाही पडता येऊन राहिलं."

"मजाक करता काय? नकाशावर तर तुमी रस्त्यावर दिसता, भाऊ. तिथून कवाचे हाललेच नाही..."

फोन मेला.

आणि मागून, अगदी घरच्यासारखा, एका बाईचा आवाज...

"जेवला का, भाऊ?"

त्याने वळून पाहिलं नाही. "हो."

"मंग माह्यं फडकं रिकामंच आनलं का?"

त्याने खिशातली नोट फडक्यात बांधली, उंबऱ्यावर ठेवली आणि पळत सुटला.

बोळ संपला. तोच उंबरा. गाठ सुटलेली, नोट बाजूला पडलेली.

"पैसे काहून? इथं का खानावळ हाय?"

सारवण सुकत नव्हतं. ऊन सरकत नव्हतं. सावली पायाखालून हलायला तयार नव्हती.

शेवटी फडकं उचलून त्याने तो शब्द दिला, जो आयुष्यात कोणाला दिला नव्हता.

"बाई, उद्या भरून धाडतो."

"धाडशीन ना?"

"धाडतो."

बोळ संपला. समोर गाडी उभी होती.

नत्थुजींचा पंप चालू झाला. दुसऱ्या दिवशी गजेंद्रने फडक्यात गूळ-शेंगदाणे बांधून ड्रोन गावठाणावर नेला. दिलं की सुटलो, हा त्याचा हिशोब.

पण तिकडची बाई काही गजेंद्र नव्हती.

डबा परत आला... भरलेला.

आता तोही रिकामा कसा पाठवायचा?

ही देवघेव काही थांबेना; पावसाळ्याच्या तोंडावर त्याने नोकरीच सोडली. हल्ली अकोल्यात, जठारपेठेतल्या एका दुकानात असतो. कोणाचा डबा रिकामा देत नाही. घरात आम्ही यावर हसायचो.

काल आमचा डबा त्याच्याकडून परत आला. त्याची बायको पंधरवड्यापासून माहेरी आहे, आणि त्याला चहासुद्धा करता येत नाही.

आत चून-भाकर होती.

गरम.

मी हात लावला नाही. पण मी बोलायच्या आधीच माझ्या बायकोने घास मोडला होता.

डबा घासून ओट्यावर पालथा घातलाय. ती सकाळपासून विचारतेय, "यात काय भरून देऊ?"



दुपार होत आलीय...